तीळवाली

माझी चूक एवढी मोठी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या आठवणीत ती मोहरीएवढी होती. इथे ती थाळीएवढी होऊन भिंतीवर लटकत होती, वरून दोन दिवे सोडलेले, पुढे दोरी बांधलेली आणि दोरीशेजारी एक पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला. मी आत शिरले होते ती नुसती थंडाव्यासाठी. समोरच्या डोळ्यांच्या इस्पितळात ताईच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते आणि नर्सबाईंनी सांगितलं होतं, अजून दीड तास तरी लागेल, तुम्ही इथे गर्दी करू नका. एरवी ताईला तिचा मुलगा आणतो. आज त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याने मला फोन केला, आणि ताईचं काम म्हटल्यावर मी नाही म्हणत नाही. बेचाळीस वर्षांत कधी म्हटलेलं नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यापलीकडे संग्रहालय होतं, दारावर पाटी होती की साठीच्या पुढच्यांना प्रवेश मुक्त. साठी ओलांडून मला आठ वर्षं झाली, पण कोणी मुक्तपणे आत घेतलं असं पहिल्यांदाच घडत होतं. आत गेले, डावीकडे वळले आणि समोर ती होती. साबणाच्या पाकिटावरची बाई. केस मागे बांधलेले, तोंड सरळ आपल्याकडे, ओठ मिटलेले, आणि गालावर तीळ.

प्रदर्शन दोघांचं होतं. एक थोरला चित्रकार, तो आता हयात नाही, आणि एक धाकटी, त्याच्याहून चाळीसेक वर्षांनी लहान, ती अजून काम करते. दोघांनीही बाजारातल्या वस्तू उचलून त्यांची चित्रं केली, पाकिटं, डबे, जाहिराती, काड्यापेट्या. दाराशी लावलेल्या पाटीवर हे बरंच लांबवून सांगितलं होतं. ती पाटी मी सवयीने वाचली, म्हणजे आधी अक्षरं कुठे फुटलीत का ते बघितलं आणि मग मजकूर. सगळं आयुष्य असंच गेलं. लोकांच्या घरी गेले तरी माझी नजर आधी भिंतीवरच्या डागावर जाते, लग्नाच्या पत्रिकेत मला वधूवरांच्या नावांआधी रंग सरकलेला दिसतो. माझा नवरा असताना म्हणायचा, तुला चंद्र दाखवला तर तू म्हणशील यावरचे डाग कोणी साफ करायचे राहिले. तर मोठ्या चित्राखाली छोटी पाटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की गालावरचा हा तीळ एका अज्ञात कामगाराच्या नजरचुकीतून जन्मला. छापखान्यातला तो किरकोळ अपघात चित्रकाराने उचलला आणि सौंदर्याच्या बाजाराला विचारलेला प्रश्न म्हणून भिंतीवर मांडला. मी ते दोनदा वाचलं. अज्ञात कामगार. नजरचूक. अक्षर कुठेही फुटलेलं नव्हतं. मला एकदम बसावंसं वाटलं, पण बसायला खुर्ची एकच होती आणि तिच्यावर पहारेकरी होता.

आमचं काम काय होतं ते आता कोणाला सांगून खरं वाटत नाही. छापखान्याच्या रिटचिंग खात्यात खालून दिवे लावलेली काचेची टेबलं होती. छापायच्या प्रत्येक चित्राची मोठी फिल्म निघायची, तिच्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेलं असायचं. चेहरा काळा, केस पांढरे. धुळीचा कण पडला की फिल्मच्या काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहायचं, आणि जिथून उजेड येईल तिथे कागदावर शाई उमटायची. तेव्हा आम्ही बायकांनी फिल्म उजेडावर धरायची, भोकं शोधायची आणि बारीक कुंचल्याने एकेक भोक दाट लाल रंगाने बुजवायचं. त्या रंगाला आम्ही गेरू म्हणायचो. आठ तास गेरू लावायचा, संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत भोकं दिसायची. मी तिथे लागले ती ताईच्या शब्दावर, बाविसाव्या वर्षी. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि त्या टेबलावरची सगळ्यात पक्की नजर. तिने मला शिकवलं. समोरासमोर बसायचो, मधे उजेड. मी एखादं भोक सोडलं की ती कुंचल्याच्या मागच्या टोकाने टकटक करायची आणि म्हणायची, "नजर कच्ची आहे तुझी." एवढंच. दाखवायची नाही कुठे ते. मीच शोधायचं. फिल्म पुरी झाली की जिने ती साफ केली तिने कोपऱ्यात आपली खूण करायची. ताईची खूण फुली, माझी वाटोळं.

आणि त्या दिवशी मी अर्धा तास आधी निघाले. पोस्टाच्या खिडकीवर बसणारा एक माणूस मला सिनेमाला नेणार होता, पुढे त्याच्याशीच माझं लग्न झालं, तर त्या सिनेमासाठी. टेबलावर साबणवालीची फिल्म होती, माझ्या वाट्याची. बहुतेक झाली होती. अक्षरांची फिल्म वेगळी होती, हिच्यात नुसता चेहरा. मी पदराला लागलेला गेरू घासत होते आणि ताई म्हणाली, "तू जा. मी बघते उरलेलं." मी गेले. सिनेमा कुठला होता ते आठवत नाही, त्याच्या खिशातल्या रुमालाला इस्त्री केली होती ते आठवतं. तीन आठवड्यांनी पाकिटं छापून बाजारात गेली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बाईच्या गालावर तीळ आलाय. मूळ चित्रात तो नव्हता. फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि एरवी या शब्दावर आम्ही टेबलावर दोन दिवस हसलो असतो. त्याने कपाटातून फिल्म काढली. कोपऱ्यात फुली होती. ताईला टेबलावरून उठवलं आणि तळघरात पाठवलं, छापून आलेल्या पाकिटांचे गठ्ठे बांधायला. ती काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही. माझं भोक राहिलं होतं, मी ते सोडून सिनेमाला गेले होते, आणि तिने फिल्मवर आपली खूण करून ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. सांगायला फोरमनच्या खोलीपर्यंत बावीस पावलं होती. मी रोज ती मोजायची आणि रोज टेबलाशी बसायची.

सगळ्यात वाईट ते पुढेच. दुकानांतून लोक तीळवालीचा साबण मागायला लागले. तसं नावच पडलं, तीळवाली. साबणवाल्यांनी कळवलं की तीळ राहू द्या. फोरमनही मग तो तीळ असा काही दाखवायचा की जणू त्यानेच डोळा मारून सोडला होता. पण ताईला कोणी वर बोलावलं नाही. अकरा वर्षं, छापखाना बंद होईपर्यंत, ती तळघरात होती. सुतळीने तिच्या बोटांना घट्टे पडले. तिची टेबलावरची जागा मला मिळाली, आणि शेवटी शेवटी तर मी खात्याची प्रमुख होते, नव्या मुलींना कुंचल्याच्या मागच्या टोकाने टकटक करायची. आमचं दोघींचं तसं काही बिघडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. आम्ही एकमेकींकडे जायचो, मी न चुकता फळं न्यायची, ती म्हणायची कशाला आणलंस, आणि मग आम्ही मुलांविषयी बोलायचो. एकमेकींच्या तोंडाकडे बघायची सवय मात्र गेली. आठ तास समोरासमोर बसणाऱ्या आम्ही, आता शेजारी शेजारी बसायचो. आणि गेल्या दोन वर्षांत तर ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात आहे एवढं टिकवू. म्हणजे मी आता तिच्या समोर जाऊन सांगायचं ठरवलं तरी तिला माझं तोंड दिसायचं नाही, आणि खरं सांगते, या विचाराने मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज वाटते.

"मावशी, दोरीच्या मागे," पहारेकरी म्हणाला. मी दोरीवर वाकले होते. मी म्हटलं, "हो, हो," आणि बाजूला झाले. बाजूला काचेची पेटी होती. पेटीत खालून दिवा लावला होता आणि दिव्यावर फिल्म होती. छापखान्याच्या भंगारातून चित्रकाराने मिळवलेली मूळ फिल्म, असं पाटी सांगत होती. माझा हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला, चष्मा पुसायला. पहिली गोष्ट दिसली ती ही की यांनी फिल्म उलटी ठेवलीय. फिल्मला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत आणि एक भुरकट. गुळगुळीत बाजू वर ठेवायची, मग चेहरा सुलटा दिसतो. यांनी भुरकट बाजू वर ठेवली होती, म्हणजे बाईचा डावा गाल उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. एवढं मोठं संग्रहालय, एवढे दिवे, आणि एकालाही कळू नये. मी पहारेकऱ्याला सांगणार होते. मग कोपऱ्यात फुली दिसली. ताईची फुली, एक पाय जरा लांब. बेचाळीस वर्षांनी तिचं अक्षर भेटावं तशी मी तिच्याकडे बघत राहिले. आणि फुलीवरून नजर वर सरकली ती भोकावर, आणि तिथेच थांबली.

भोकाभोवती गेरू होता.

हे कसं सांगू? राहिलेलं भोक हे राहिलेलं असतं. त्याला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून तर ते राहतं. त्याच्या कडा धुळीच्या कणाच्या असतात, वेड्यावाकड्या. आणि इथे भोकाच्या कडेने बारीक कुंचल्याने लाल रंगाची कड ओढली होती, भोक नीट गोल व्हावं म्हणून. मी पेटीच्या काचेवर कपाळ टेकवलं. भोकाला सुईच्या खुणा होत्या. कोणीतरी सुईने खरवडून ते पाडलं होतं आणि मग कडेने रंगवून त्याला आकार दिला होता. आणि रंग भुरकट बाजूला होता. गेरू आम्ही कधीही भुरकट बाजूला लावत नसू, नेहमी गुळगुळीत. खरवडायचं असलं तरच फिल्म पालथी करायची, कारण खरवडलं जातं ते भुरकट बाजूनेच. म्हणजे फिल्म पालथी केली, सुई घेतली, भोक पाडलं, तिथल्या तिथे गोल केलं. इतका नाजूक हात त्या खात्यात एकीचाच होता. मला माहीत होतं तरी मी मनात बाकीच्या चौघींची नावं घेऊन पाहिली. एकेक नाव गळत गेलं.

तर मी भोक सोडलंच नव्हतं. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा. मला झाला तो राग. असा राग मला इतक्या वर्षांत आला नव्हता, आणि तोही शांतपणे आला, दार वाजवून आत यावा तसा. का केलं हिने? फिल्म माझी होती. माझ्या फिल्मवर भोक पाडून, मी पाठ फिरवल्यावर, मी त्या इस्त्रीच्या रुमालवाल्याबरोबर सिनेमाला गेल्यावर. मी लग्न करून सुखी होणार आणि ती तेव्हा एकटी, दोन वर्षांचा मुलगा पदरात, नवरा दूर गावी कामाला, येईल तेव्हा येईल, हे तिला खुपलं का? मला टेबलावरून उठवायचं होतं का? मग लगेच फुली समोर यायची. मला गोत्यात आणायचं असतं तर तिने माझं वाटोळं काढलं असतं, त्यात काय अवघड, पेन्सिलीने वाटोळं कोणालाही काढता येतं. तिने स्वतःची खूण केली. स्वतः पाडलेल्या भोकाखाली स्वतःची सही केली. मग बेचाळीस वर्षं मी फळं कशासाठी नेत होते? मी कोणाचं ऋण फेडत होते? दुसऱ्याच्याच गुन्ह्यासाठी मी तोंड लपवत फिरले, आणि तिने फिरू दिलं. हा राग घेऊन मी पुढच्या दालनात गेले. राग आलेल्या माणसाने कुठेतरी जायला हवं.

पुढचं दालन धाकटीचं होतं. तिच्या पाटीवर लिहिलं होतं की तो साबण तिने कधी पाहिलाच नाही, तो बाजारातून जाऊन जमाना झाला होता. तिच्या घरी थोरल्याच्या चित्राचं कॅलेंडर होतं आणि ती त्या कॅलेंडरखाली वाढली. म्हणजे थोरल्याने पाकीट बघून काढलं आणि धाकटीने थोरल्याला बघून. मला जरा हसू आलं. शिकवणारी एक, शिकणारी दुसरी, आणि शेवटी भिंत अर्धी अर्धी. धाकटीने एकच चेहरा चोवीस वेळा छापला होता, चार ओळींत सहा सहा, गुलाबी, हिरवा, निळा, पिवळा. छपाई चांगली होती, रंग कुठेही सरकलेला नव्हता. चेहरा तोच, पण तीळ जागा सोडून हिंडत होता. पहिल्यात नेहमीच्या ठिकाणी. मग कपाळावर, हनुवटीवर, कानाच्या पाळीवर, मग मानेवर उतरलेला. एका चौकोनात तो चेहऱ्याबाहेर जाऊन कोपऱ्यात बसला होता. पोरीला विनोद होता. शेवटच्या चौकोनात चेहराच नव्हता, नुसता काळा गोल. मला ताईचे डोळे आठवले आणि मी तिथून मागे फिरले. तिसऱ्या ओळीत एक पिवळा चौकोन होता. त्यात तीळ पुन्हा गालावर आला होता, पण दुसऱ्या गालावर. त्याच्यासमोर मी का थांबले ते मला माहीत नाही. काहीतरी ओळखीचं वाटत होतं आणि काहीतरी चुकीचं, आपला आवाज टेपवर ऐकताना वाटतं तसं.

पहारेकरी मागोमाग आला होता. त्याला बहुतेक माझा भरवसा वाटेना. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. "मावशी," तो म्हणाला, "राग नका मानू. पण अगदी तुमच्यासारखी दिसते."

"कोण?"

"ही पिवळी. तीळ इथेच आहे तुमचा." आणि त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, जसं समोरचा माणूस ठेवतो तसं.

माझ्या उजव्या गालावर तीळ आहे. जन्मापासून आहे. आता वयाने त्याच्यावर सुरकुती आलीय, तरी आहे. मी हे लिहायचं टाळत नव्हते, मला ते सुचलंच नव्हतं; अडुसष्ट वर्षं जो आपल्या तोंडावर बसलाय त्याचा विचार कोण करतं? आणि मग सगळं एकदम आलं, कपाटाचं दार उघडल्यावर वरच्या फळीवरचं अंगावर यावं तसं. तेव्हा छापखान्यात आमची ओळखपत्रं नवी करायची होती. मी फोटो काढून आणला. स्टुडिओवाल्याने, मला खूश करायला असेल, माझा तीळ पुसून टाकला होता. आमच्याच धंद्यातला माणूस, डाग दिसला की साफ केला. मला तो फोटो आवडला. मी टेबलावर सगळ्यांना दाखवला, बघा किती स्वच्छ आलाय. ताईने तो हातात घेतला, उजेडावर धरला आणि परत दिला. "ही कोण?" म्हणाली. मी म्हटलं, "असं काय गं, मीच." ती म्हणाली, "आपण धुळीची भोकं बुजवतो. तीळ काही धूळ नाही." आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. त्याला आठवडाही झाला नसेल तेव्हाची ती संध्याकाळ. मी सिनेमाला निघाले तेव्हा तिने माझ्याकडे वर बघितलं होतं, उजेडाच्या पलीकडून, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, मी जातेय म्हणून बघतेय. ती माप घेत होती. पाठीमागे म्हणालीही होती, "थांब, तुझा तीळ घरोघरी पाठवते." मी हसले होते. दाराबाहेर पडेपर्यंत विसरले होते.

पण तीळ भलत्या गालावर का? हे माझ्यातल्या रिटचिंगवालीने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. फिल्म पालथी. तिने मला समोरून बघितलं, माझा तीळ तिच्या डाव्या हाताला. खरवडायला फिल्म पालथी केली, तिथेही डाव्या हाताला भोक पाडलं. अक्षरांची फिल्म वेगळी, त्यामुळे चेहरा उलटा आहे हे सांगायला एक अक्षरसुद्धा नव्हतं, आणि सरळ बघणारा चेहरा उलटला तरी तसाच दिसतो. सुटायची घंटा झाली असेल. फुली केली आणि फिल्म ट्रेमध्ये टाकली. सुलटी होऊन छापली तेव्हा तीळ पलीकडे गेला. त्या खात्यातल्या सगळ्यात पक्क्या नजरेने पहिल्या आठवड्यातल्या मुलीची चूक केली होती. मी परत पहिल्या दालनात गेले, पेटीतली उलटी ठेवलेली फिल्म बघितली. इथे तीळ डाव्या हाताला होता. ताईने तिला शेवटची बघितली ती अशी. पहारेकऱ्याला आता काही सांगायची गरज नव्हती.

इस्पितळाच्या बाकावर ताई काळा चष्मा घालून बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. पावलांवरून तिने मला ओळखलं. "कुठे उलथली होतीस?"

"समोर. म्युझियममध्ये."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"थोडं कळलं," मी म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले?"

"मागच्या वेळी म्हणाले तेच. माणूस चांगला आहे, नवीन काही सांगत नाही."

मी तिच्याजवळ बसले. मग उठले आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिले. "ताई, तीळवाली आठवते?"

तिने पिशवीवरचे हात उगीच सारखे केले. "आठवायला काय झालं? अकरा वर्षं तिचेच गठ्ठे बांधले."

"ती तिथे आहे. भिंतीएवढी. चल बघायला."

"मला काय दिसणार आहे? डोळ्यांत थेंब घातलेत, आधीच आनंद."

"कडेने बघ."

रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला. उन्हात ती चष्म्याआडही डोळे मिटून चालत होती. पहारेकऱ्याने आम्हाला येताना बघितलं आणि खुर्चीवरून उठून ती ताईपुढे सरकवली, पण ताई बसली नाही. मी तिला दोरीपाशी उभं केलं. तिने चष्मा काढला. समोर बघितलं की तिला मधला काळा डागच दिसतो, म्हणून तिने मान पूर्ण वळवली, चित्रावर रुसल्यासारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. कपाळापासून हळूहळू खाली. पाटी वाचून दाखवावी असं मनात आलं होतं, अज्ञात कामगार आणि नजरचूक वगैरे, पण नाही दाखवली. नजर गालापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "अजून उलटाच आहे."

बेचाळीस वर्षांत कोणीतरी तो सुलटा करून ठेवायला हवा होता अशा सुरात म्हणाली. मला हसू आलं. मी म्हटलं, "मला वाटलं माझं भोक राहिलं."

"तुझं?" तिने मान वळवली. "तुझं भोक कसं राहील? तुला शिकवलं कोणी?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बहिणीचा तीळ काढायला गेले आणि भलत्या गालावर काढला? फिल्म पालथी आहे हे विसरले? सगळ्या जणी हसल्या असत्या." तिने हातातल्या चष्म्याच्या काड्या मिटल्या. "जागा गेली ती बरोबरच गेली. उजवं-डावं कळत नाही त्या बाईला टेबलावर कशाला ठेवायचं? पण तुझं मला वाईट वाटलं. तू बोलेनाशी झालीस. मला वाटलं तुला कळलं, आणि राग आला. तीळ तुझा आणि दुसरीकडेच बसवला म्हणून."

"मला वाटलं माझ्यामुळे तू तळघरात गेलीस."

"तुझ्यामुळेच गेले," ताई म्हणाली. "तुझ्या चुकीमुळे नाही." आणि पिशवीतून रुमाल काढून तिने डोळे टिपले, थेंब घातले की दिवसभर पाणी येतं.

मी चित्राकडे बघत होते. गुलाबी गाल, थाळीएवढा तीळ, माझ्या उजव्या हाताला. रोज सकाळी वेणी घालताना तो मला दिसतो तिथेच. जगातल्या कोणालाही ती बाई माझ्यासारखी दिसली नसती, आईलासुद्धा नाही, पहारेकऱ्याला नाही. माझा तीळ या बाजूला बघायची सवय एकाच माणसाला होती, आणि त्या माणसाने दर वेळी पाकिटाकडे बघताना मान खाली घातली होती.

"ताई," मी म्हणाले, "आरशात मला तो तिथेच दिसतो."

तिचे हात वर आले. तिने हवेतच एक फिल्म धरली, दोन्ही कोपरे चिमटीत घेऊन, ती पालथी केली, मग पुन्हा सुलटी केली, मग माझ्या तोंडाच्या दिशेने धरली. तिचे ओठ हलत होते, हिशेब जुळवताना हलतात तसे. मग तिने हात खाली सोडले.

"खरंच की," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्यापुरता सुलटा होता."

"माझ्यापुरता होता."

तिने मान वळवून, चित्राकडे बघितलं तसंच, कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, उजेडाच्या पलीकडून बघायची तितका वेळ. मग पिशवीचे बंद खांद्यावर घेतले आणि माझा दंड शोधला.

"तरी मी सांगत होते," ती म्हणाली, "नजर कच्ची आहे तुझी."